हवालदाराच्या रानाची हद्द

रानाच्या कडेला गाडी थांबवायची, एक पाय जमिनीला टेकवायचा, उभ्या उसावरून नजर फिरवायची आणि सांगायचं, ‘पावणेदोन एकर. दोन-चार गुंठं इकडं-तिकडं.’ साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातली माझी सारी नोकरी या नजरेवर झाली. ऊसनोंदीला वाळवा तालुक्यात फिरताना बाकीची पोरं टेप घेऊन बांधाबांधानं जायची आणि उसाच्या पात्यांनी हात-तोंड कापून घ्यायची. मी गाडीवरून उतरत नसे. पुढे मोजणी झाली की माझा अंदाज बहुतेक वेळा जुळायचाच. ‘मुलाणीची नजर’ असं लोक म्हणायचे. मला ते फार आवडायचं, अजूनही आवडतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ याच आवडीत आहे, म्हणून सुरुवात इथून केली.

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा : फोन, उपग्रह आणि सौरपंप यांनी आपल्याकडची शेती कशी बदलली. ‘लोकांना उमेद येईल असं लिहा,’ म्हणाले. शेती बदलली हे खरं आहे आणि ती बदलताना मी पाहिली आहे. पण त्या गोष्टीच्या मधोमध एक माणूस उभा आहे. त्याला वळसा घालून लिहायला बसलो की हात थांबायचा. शेवटी त्याच्याकडे जाऊन आलो आणि मगच हे लिहितो आहे.

आधी काम काय होतं ते सांगतो.

ऊस तुटून गेला की रानात वाळकी पानं उरतात. त्यांना आम्ही पाचट म्हणतो. गुडघ्याला लागेल एवढा थर असतो. त्याला आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय : काडी ओढायची. संध्याकाळपर्यंत रान मोकळं होतं आणि दुसऱ्या दिवशी खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी देता येतं. पण जमिनीत मुरायला हवा तो कर्ब त्या धुरातून वर जातो, गांडुळं भाजून मरतात, आणि उघड्या पडलेल्या जमिनीला पाणी जास्त लागतं. जास्त पाणी म्हणजे जास्त पंप, आणि जास्त पंप म्हणजे जास्त वीज. तेच पाचट सरीत दाबून त्यावर जिवाणूंचं कल्चर टाकलं की तिथल्या तिथं कुजतं आणि जमीन गार राहते. नोकरीत असतानाही मी हे सांगायचो. लोक ‘व्हय साहेब, व्हय साहेब’ करायचे आणि माझी गाडी वळली की मागे धूर दिसायचा.

निवृत्त झाल्यावर साताऱ्यातल्या एका कंपनीनं मला बोलावलं. त्यांचं काम असं : गावात शेतकऱ्यांचा गट करायचा. गटातल्या कोणी पाचट जाळायचं नाही, पाणी ठिबकनं मोजून द्यायचं, खत कमी करायचं. त्यामुळे हवेत जायचा जो कार्बन वाचला त्याचा मोबदला बाहेरचे मोठे उद्योग देतात, तो गटाला मिळतो. पण शेतकऱ्याच्या शब्दावर कोण पैसे देणार? म्हणून सगळं यंत्रांवर. जमिनीत पुरलेला सेन्सर ओल किती ते फोनला कळवतो. ओल कमी झाली की ठिबकचा व्हॉल्व फोनवरून उघडतो. विहिरीवर सौरपंप. आणि वरून उपग्रह लक्ष ठेवतो. रान जळलं की त्याच्या फोटोत काळा डाग येतो.

मी गटाचा समन्वयक. गट जमवायचा, प्रत्येक रानाची हद्द फोनमध्ये भरायची आणि दर महिन्याला रानात उभं राहून फोटो काढायचा. फोटोवर जागेचा शिक्का आपोआप बसतो.

कंपनीच्या इंजिनीअर पल्लवी मॅडम वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. साताऱ्याच्या प्रशिक्षणात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “काका, हद्द चालून भरायची हं. फोन हातात धरून बांधानं पूर्ण फेरी मारायची. नकाशा उघडून बोटानं कोपरे टेकवायचे नाहीत.”

“मॅडम, मी उसात म्हातारा झालोय,” मी म्हणालो. त्या हसल्या. मीही हसलो.

गट बांधायला गावात गेलो तेव्हा पहिलं नाव मिळालं आनंदाचं. तो आणि मी शाळेत एका बाकावर. तो फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला, आणि तेव्हापासून गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. दर ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी त्याची. त्याच्या बायकोला, कुसुमवहिनींना, दमा. पाचट जळायच्या दिवसांत त्या भिंतीला टेकून बसूनच झोपायच्या. म्हणून कंपनी यायच्या कितीतरी आधी त्यानं स्वतःच्या रानात काडी लावणं बंद केलं होतं.

“मला तुझा उपग्रह-बिपग्रह कळत न्हाई,” तो म्हणाला. “हिला शब्द दिलाय. माझ्या रानातनं धूर निघणार न्हाई. एवढ्यावर घेणार असशील तर घे.”

त्याच्या शब्दावर बाकीचे आले. गावात हवालदाराच्या शब्दाला वजन होतं. हे वजन म्हणजे काय हे मला ते गेल्यावर कळलं.

गटात नमुनेही होते. बबन त्यातला पहिला. त्याचं रान हवालदाराच्या रानाला लागून. एकदा त्याच्या सेन्सरवरून रोज निरोप यायला लागला, जमीन पार कोरडी. व्हॉल्व उघडायचा, पाणी सुटायचं, तरी जमीन कोरडीच. मी जाऊन बघतो तर पठ्ठ्यानं सेन्सर उपटून बाभळीच्या फांदीला उन्हात टांगलेला.

“बबन, हे काय?”

“आवं चाचा, लय ओल धरली हुती त्यानं. वाळत घातलाय.”

हसायचं की रागवायचं कळेना. पण अशा लोकांना घेऊनच काम पुढे गेलं. पहिल्या वर्षानंतर लोक स्वतःहून माती उकरून दाखवायला लागले. काळी, भुसभुशीत, मुठीत घेतली की ओली लागणारी. सौरपंपामुळे रात्री लाइटीची वाट बघत विहिरीवर झोपणं गेलं. हे मी पाहिलं आहे आणि यातलं एक अक्षर खोटं नाही.

खोटं होतं ते माझ्या फोनमध्ये.

हद्दी भरायची वेळ आली तेव्हा आडसाली, म्हणजे दीड वर्ष रानात राहणारा, ऊस डोक्याच्या वर गेलेला. बांध दिसत नव्हते. आत शिरायचं म्हणजे पात्यांनी सोलून निघायचं, शिवाय उसात रानडुकरं. मी पहिली दोन-तीन रानं नीट चाललो. मग गुडघा बोलायला लागला. चहाच्या टपरीवर बसलो, नकाशा उघडला आणि बोटानं कोपरे टेकवत गेलो. आपली नजर होतीच. एका दुपारीत सगळा गट उरकला. मॅडमनी फोनवर विचारलं, “काका, एवढ्यात?” मी म्हणालो, “आमचं रोजचंच आहे हे.”

हवालदाराच्या रानाला एका अंगाला ओढा आहे. ओढ्यापलीकडचं रान एका पुण्यात राहणाऱ्या माणसाचं, गटात नसलेलं. दुसऱ्या अंगाला बबनचं रान. ओढा मध्येच एका ठिकाणी वळतो आणि त्याच्याबरोबर बांधही वळतो. वरून घेतलेल्या फोटोत मात्र सगळं एकसारखं हिरवं. मी रेघ सरळ ओढली. झालं असं की नकाशावर हवालदाराचं रान तिरकं बसलं. वरच्या अंगाला ते ओढा ओलांडून पुणेकराच्या रानात घुसलं, आणि खालच्या अंगाला बबनच्या. जेवढं एकीकडे घुसलं तेवढं त्याचं स्वतःचं दुसरीकडे सुटलं.

हे मला कळलं ते हंगामात, ऊस तुटल्यावर. हवालदाराच्या रानात पाचट छान पसरलं होतं. “काढ माझा पण फोटू,” म्हणून तो त्यात ताठ उभा राहिला, सलामी दिल्यासारखा. मी फोटो काढला. फोनवर लाल अक्षरं आली : हद्दीबाहेर. मी दोन पावलं सरकून पुन्हा काढला. हद्दीबाहेर. माणूस स्वतःच्या रानाच्या आत उभा होता आणि फोन म्हणत होता बाहेर. असा फोटो कंपनीकडे जात नाही, फोनमध्येच पडून राहतो. एक हद्द चुकली तर टपरीवर भरलेल्या सगळ्याच संशयात येणार होत्या. दुरुस्तीसाठी मॅडमना सांगावं लागणार होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. त्याच दिवसांत पुणेकराच्या रानात त्याच्या वाटेकऱ्यानं काडी ओढली. शेजारी धूर ही आमच्याकडे रोजची गोष्ट. कोणी लक्ष दिलं नाही.

काही महिन्यांनी बाहेरून तपासनीस आले. सोसायटीच्या खोलीत बैठक बसली. सगळा गट हजर, मॅडमही साताऱ्याहून आलेल्या. तपासनिसांनी लॅपटॉप फिरवला आणि म्हणाले, “एका प्लॉटमध्ये जळाल्याची खूण आहे. वरचा कोपरा, ओढ्याकडचा.” आणि हवालदाराचं नाव वाचलं.

 हवालदार उठला, चष्मा लावून पडद्यासमोर वाकला.

“ह्यात माझं रान कुठलं?”

तपासनिसांनी रेघ दाखवली. त्याला त्या हिरव्या-काळ्या ठिपक्यांत काय कळणार? त्यातून ओढा मलासुद्धा दिसत नव्हता.

“मी जाळलं न्हाई,” तो म्हणाला.

मागून बबन म्हणाला, “पुणेकराचं पेटलं हुतं तवाच पेटलं आसंल की. त्याच्या नावाखाली आपलाबी एक कोपरा उरकून घेतला, हवालदार? इमानानं सांगा.”

दोघे-तिघे हसले. हवालदार मागे वळला नाही. “चला रानात. वर मातीची भर लावलीया, पर उकरून दावतो खाली पाचट.”

तपासनीस म्हणाले, “काका, कुजलेलं पाचट कधीचं ते सांगता येत नाही. जागेचा शिक्का असलेला त्या महिन्याचा फोटो असला तर बघू.”

हवालदाराचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो माझ्याकडे वळला. “हाय की! मुलाणीनं काढलाय. मी सोता हुबा हाय त्यात. दाव रं.”

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. फोटो त्यात होता. तो दाखवला तर त्यावरची लाल अक्षरं दिसणार, मग हद्द कशी भरली हे निघणार, मग सगळ्यांच्याच हद्दी. पूर्ण गटाचं वर्ष वाया जाणार आणि ते तपासनिसांच्या देखत. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. अख्ख्या गटासाठी एक माणूस, असं काहीतरी माझ्या मनात आलं. खरं सांगायचं तर तेही नंतर रचलेलं आहे. त्या क्षणी मला फक्त माझं नाव दिसत होतं.

मी म्हणालो, “त्या दिवशी फोटो निघाला नव्हता. फोन अडकला होता.”

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. चालताना पायरी चुकल्यावर माणूस बघतो तसा.

“निघाला न्हवता?”

“नाही.”

त्याचं रान गटातून काढलं. बाकीचा गट पास झाला, टाळ्याही वाजल्या. त्या ईदला तो आला नाही. त्याच्या वाटीतला शीरखुर्मा माझ्या बायकोनं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला.

एक खोटं बोललं की काम संपत नाही, सुरू होतं. हवालदाराचा प्लॉट काढल्यावर फोननं नकाशातल्या त्याच्या हद्दीतले सगळे व्हॉल्व बंद करून टाकले. तो पुन्हा जुन्यासारखं पाटानं पाणी द्यायला लागला. पण हद्द तिरकी असल्यामुळे खालच्या अंगाचा बबनचा एक व्हॉल्वही त्यात अडकला. बबनचा कोपरा वाळायला लागला. मी त्याला सांगितलं, त्या व्हॉल्वची मोटर गेली आहे, सामान यायला वेळ आहे. आणि वर्षभर पाण्याच्या प्रत्येक पाळीला मी तो लोखंडी चावीनं हातानं उघडत होतो, हातानं बंद करत होतो. चावी माझ्या गाडीच्या डिकीत. बबन एकदा म्हणाला, “चाचा, डिजिटल शेती म्हंजी तुमी गाडीवरनं येनार, असं हाय व्हय?”

पुढचा हंगाम आला. हवालदाराचा ऊस तुटला. दोन दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. बैठकीनंतर पहिल्यांदाच.

“मुलाणी, रानात ये. फोटू काढायला.”

मी पोचलो तेव्हा बांधावर माणसं जमली होती. त्यानंच बोलावलेली. बबनही होता. हवालदारानं रानाच्या चारी कडांचं पाचट आत ओढून पट्टा मोकळा केला होता, पाण्यानं भरलेले फवारणी पंप ठेवले होते. सगळं फौजी शिस्तीत. हातात काडेपेटी.

“वहिनी कुठं आहेत?” मी विचारलं.

“सकाळच्या यष्टीनं साताऱ्याला धाडली. भावाकडं.”

“आनंदा, असं करू नको.”

“का रं? मी जाळणाराच हाय न्हवं? सगळ्यांनी मिळून ठरवलंया. आता माणूस उगं खोटं बोलल्यासारखं वाटाय नको.” त्यानं माझ्या खिशाकडे बोट केलं. “आज अडकलाय का फोन? का चाललाय?”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. सगळे समोर होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “वारं आहे.”

“वारं हाय ते मला कळतंय,” तो म्हणाला आणि काडी ओढली.

पाचट पेटलं की आवाज आधी येतो, लोखंडी पत्र्यावर गारा पडल्यासारखा. ज्वाळा माणसाच्या वर गेल्या. काही वेळ सगळं त्याच्या आखणीप्रमाणे झालं. आग मधोमध सरकत गेली. मग वारं फिरलं. पेटलेली पानं उचलली गेली आणि मोकळ्या पट्ट्यावरून खालच्या अंगाला पडली, बबनच्या रानात.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. पूर्वी प्रत्येक जण आपापलं जाळायचा, त्यामुळे एक रान पेटलं तर शेजारचं आधीच मोकळं असायचं. आम्ही मात्र ओळीनं सगळ्या रानांत पाचट अंथरून ठेवलं होतं. बबनच्या रानापासून पार टोकापर्यंत सलग वाळकी गादी, मध्ये ठिबकच्या प्लास्टिकच्या नळ्या. आणि टोकाला न तुटलेला ऊस उभा.

बबन ओरडत सुटला, “आरं पाणी! चाचा, पाणी सोडा!”

ऊन होतं, त्यामुळे सौरपंप पूर्ण जोरात चालणार होता. मी फोन काढून पंप सुरू केला. बबनच्या रानातले व्हॉल्व एकामागून एक उघडले. माणसं नळीच्या टोकांची बुचं काढत धावली आणि पाणी भसाभसा सरीत यायला लागलं. पण आग खालच्या कोपऱ्याकडे चालली होती. तिथं तो व्हॉल्व. मी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीकडे पळालो, डिकीतून चावी घेतली आणि धुरात शिरलो. डोळे उघडत नव्हते. चावी घुसवली, फिरेना, ओला हात घसरत होता. बाजूला कोणीतरी आलं. हवालदार. त्यानं माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला. चावी फिरली. त्यानं वाकून टोकाचं बूच उपटलं तेव्हा शेजारची नळी पेटली होती. वितळलेलं प्लास्टिक त्याच्या मनगटावर पडलं. त्यानं हात पाण्यात धरला आणि तसाच दुसऱ्या बुचाकडे गेला.

ऊस वाचला. बबनच्या रानाचा खालचा तुकडा काळा झाला. कुणाचा जीव गेला नाही, एवढंच.

माणसं चिखलात बसून धापा टाकत होती. हवालदाराच्या मनगटाची कातडी वर आली होती. तो माझ्याशेजारी बसला.  मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “बाकीचे समदे फोनवरनं उघडलास. ह्योच चावीनं. बटन दाबूनबी बघितलं न्हाईस. सरळ गाडीकडं पळालास. का रं?”

“रेंज नव्हती.”

त्यानं माझ्या हातातला फोन घेतला, पडदा स्वतःकडे वळवला. “भरलेली दिसती की.”

 त्यानं फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून गेला.

महिन्याभरात मी गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलं आणि माधवनगरला थोरल्या मुलीकडे राहायला आलो. कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं. मॅडमनी भाषणात माझी नजर वाखाणली.

संपादकांचा निरोप आल्यानंतर एके दिवशी मी बस धरून इस्लामपूरला उतरलो आणि तिथून गावात गेलो. हवालदार दारात खाटेवर होता. मनगटावर चकचकीत डाग. आतून वहिनींचा खोकला ऐकू येत होता. मी बसलोही नाही. फोनमधला तो फोटो काढून त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. टपरी, सरळ रेघ, लाल अक्षरं, बैठक, चावी.

त्यानं फोटो लांब धरून बघितला. पाचटात ताठ उभा राहिलेला स्वतःला.

“बरा आलाय,” म्हणाला. मग फोन परत दिला. “मला कशाला सांगतोस? मी जाळलं न्हाई ते मला ठावंच हाय. ज्यांला सांगितलंस त्यांला सांग.”

वहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला साताऱ्याला धाडायचं ठरवलं तवा ह्ये रडलं हुतं, मुलाणीभावजी. जाळताना न्हाई. त्याच्या आदल्या दिवशी.”

त्यानंतर बैठक मीच बोलावली. तीच खोली. मॅडमना साताऱ्याहून यायला सांगितलं. मी उभा राहून सगळं सांगितलं.  संपल्यावर बबन उठला. मला वाटलं आता टोमणा येणार. तो हवालदारासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, “हवालदार, तवा मी हसलो हुतो.”

“ऐकू आलं हुतं,” हवालदार म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी एवढंच विचारलं, “काका, पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत तर मी एका दिवसात दुरुस्त करून दिलं असतं. मला का नाही सांगितलंत?” याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. आपली नजर चुकते, हे आपल्या लेकीच्या वयाच्या मुलीला सांगायचं होतं. तेवढंच जड गेलं.

गटाचं काम त्या वर्षी थांबवलं गेलं. सगळ्या हद्दी नव्यानं भरायच्या ठरल्या. गावात काही जण आता माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या पहिल्या बैठकीतल्या आरोपातून हवालदाराचं नाव कंपनीनं लेखी मोकळं केलं. त्याला गटात परत यायची विनंती केली. तो म्हणाला, बघतो. एक अट घातली : त्याच्या रानाची हद्द तो स्वतः चालणार, आणि मागून मुलाणी चालणार.

ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला होता. मॅडम रस्त्यावर थांबल्या. आम्ही दोघे आत शिरलो. फोन त्याच्या हातात, छातीशी धरलेला. तो एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत होता. पाती माझ्या गालाला, कानाला कापत होती. नोकरीच्या इतक्या वर्षांत ज्या गोष्टीपासून मी स्वतःला वाचवलं होतं ती सगळी त्या एका फेरीत अंगावर आली. घाम ओरखड्यांवर झोंबत होता. तो एकदाही मागे बघत नव्हता, फक्त माझ्या पावलांचा आवाज येतोय का ते ऐकत होता. मी मागे पडलो की थांबायचा.

ओढ्याजवळ आल्यावर बांध वळला. उसाच्या आत, डोळ्यासमोर जेमतेम हातभर दिसत असताना, ते वळण पायालाच कळलं. तिथं एक जुना हद्दीचा दगड होता, अर्धा मातीत. हवालदार थांबला. पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर त्याच्याही ओरखडे. त्यानं दगडावर पाय ठेवला.

“हितं वळायचं हुतं, मुलाणी,” तो म्हणाला. “एवढंच हुतं.”

आणि तो वळला. मीही वळलो.